सरांचं लुक आफ्टर

बाबांची वाचा गेली त्या सकाळी मी त्यांच्यावर चिडले होते. शाळेची वेळ झाली होती, डबा भरता भरता मी स्वयंपाकघरातून विचारलं, "बाबा, चहा पुन्हा टाकू का?" उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं, तरी नाही. माझा स्वभावच असा आहे की उत्तर आलं नाही तर आधी राग येतो आणि काळजी मागाहून येते. तणतणत बाहेर आले. पेपर अंगणात पडलेला होता, बाबांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात खुर्चीवरून खाली लोंबत होता.

अकोल्याच्या दवाखान्यात अठरा दिवस काढले. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ऐकू येतं, समजतं, असं डॉक्टर म्हणाले, पण डोक्यातला शब्द तोंडापर्यंत पोचत नाही. काहीही विचारलं की ते "येस" म्हणायचे. भूक लागली का? येस. पोट भरलं का? येस. दुखतंय का, नाही दुखत का, दोन्हीला येस. मी हसायचे, आणि मग भिंतीकडे तोंड करून डोळे पुसायचे.

माझे बाबा इंग्रजीचे सर. खामगावपासून थोड्या अंतरावर असलेल्या आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये त्यांनी तेहतीस वर्षं शिकवलं. मीही त्यांच्याच हाताखाली शिकले. शाळेत त्यांना बाबा म्हणायची सोय नव्हती, तिथे ते सर होते आणि मी नुसती बारा नंबर. वर्गात वऱ्हाडी बोलायला सक्त मनाई. कुणी "सर, मले पाणी प्याले जाऊ द्या" म्हणालं की सर खडू खाली ठेवायचे आणि "मले नाही, मला" हे त्या पोराकडून दहा वेळा म्हणवून घ्यायचे. तोवर त्याची तहान गेलेली असायची. घरीही तेच. आई वऱ्हाडीत बोलायची, बाबा तिला उत्तर पुस्तकातल्या मराठीत द्यायचे. ते स्वतः शेतकऱ्याच्या घरात वाढलेले, आजीशी कसे बोलत असतील देव जाणे. मी कधी ऐकलं नाही. मास्तर झाले आणि ती बोली त्यांनी घराबाहेर ठेवून दिली.

आठवीचा वर्ग सुरू झाला की त्यांचा पहिला तास ठरलेला. फळ्यावर मोठ्या अक्षरात एकच क्रियापद, लुक आफ्टर. पुस्तकात पहिला धडा कुठला आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. दरवर्षी एखादं पोर त्याचा अर्थ "मागे बघणे" असा सांगायचं आणि डस्टरचा प्रसाद खायचं. मग सर अर्थ सांगायचे आणि सगळ्या वर्गाकडून एका सुरात म्हणवून घ्यायचे. एकदा नाही, आठवडाभर, रोज.

"लुक आफ्टर!" सर म्हणायचे.

"सांभाळणे!" आम्ही ओरडायचो.

"दुसरा अर्थ?"

"देखभाल करणे!"

"तिसरा?"

"लक्ष ठेवणे!"

"रूपं?"

"लुक आफ्टर, लुक्ड आफ्टर, लुक्ड आफ्टर!"

मग वाक्यं. ती कुठल्या गाईडातली नव्हती, सरांनी घरी बसून रचलेली होती. द हेन लुक्स आफ्टर हर चिक्स, कोंबडी आपल्या पिल्लांना सांभाळते. हू लुक्स आफ्टर धिस वेल, या विहिरीची देखभाल कोण करतं? प्लीज लुक आफ्टर माय बायसिकल, आय ॲम गोइंग टू द मार्केट, माझ्या सायकलवर जरा लक्ष ठेवा, मी बाजारात चाललो आहे. आणि शेवटी सर म्हणायचे, "सिट डाउन." की आम्ही धाडकन बसायचो.

एकदा मी वर्गात हात वर करून विचारलं होतं की हे क्रियापद नेमकं वापरायचं कुठे. सर म्हणाले, "ज्याला स्वतःचं स्वतः करता येत नाही, त्याच्यासाठी. धडधाकट माणसाला कुणी लुक आफ्टर करत नाही." असा नियम कुठल्याही व्याकरणात नाही, मी नंतर शोधून पाहिला. पण सरांना उलट विचारायची आमची प्राज्ञा नव्हती.

हा नियम त्यांनी स्वतः मात्र पाळला नाही. लग्नानंतर पाच वर्षांनी मी एक सुटकेस घेऊन कायमची परत आले तेव्हा मी चांगली धडधाकट होते. आई तोवर गेलेली होती. बाबांनी दार उघडलं, सुटकेसकडे पाहिलं आणि म्हणाले, "हातपाय धुऊन घे, माझं जेवण व्हायचंय अजून." बस. काय झालं, कुणाचं चुकलं, लोक काय म्हणतील, यातलं एक अक्षर विचारलं नाही. पुढचे काही महिने मी माजघरात भिंतीला टेकून बसायचे आणि साठी उलटलेला तो माणूस यूट्यूब बघून ज्वारीच्या भाकरी थापायला शिकला. पहिल्या भाकरी इतक्या जाड होत्या की मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. पुढे मी शेजारच्या गावात प्राथमिक शाळेत लागले, आणि आम्ही दोघं बापलेक बरे राहू लागलो.

तर, दवाखान्यातून घरी आल्यानंतरची गोष्ट. मला शाळेची रजा किती दिवस मिळणार? दिवसा शेजारच्या मावशी त्यांच्याजवळ बसायला तयार झाल्या. पहिल्या दिवशी निघताना मी मावशींना म्हणाले, "यांना जरा सांभाळा हं." आणि कॉटवरून खणखणीत आवाज आला, "सांभाळणे! लुक आफ्टर! दुसरा अर्थ? देखभाल करणे!"

मी दारातच थिजले. बाबा भिंतीकडे बघत होते आणि तोंडातून अख्खा तास बाहेर पडत होता. वर्गाची उत्तरंही ते स्वतःच देत होते. रूपं झाली, कोंबडी झाली, विहीर झाली, सायकल झाली. "सिट डाउन" म्हणाले आणि गप्प झाले. मावशींनी हात जोडले. "माय वं! सरायले बोलता येते!"

त्या दिवशी मी शाळेत गेलेच नाही. वाण्याकडून पेढे आणले. पुण्याला दादाला फोन केला तेव्हा मला बोलवेना. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तिथे कंपनीत नोकरीला आहे. त्यालाही रडू आलं. संध्याकाळी अकोल्याच्या डॉक्टरांना कळवलं, तर त्यांनी माझ्या उत्साहावर पाणी ओतलं. हजारो वेळा म्हटलेलं असतं ते डोक्यात वेगळ्या जागी राहतं, पाढे, आरत्या, शिव्या हे सगळं लकव्यानंतरही येतं, पण याला बोलणं म्हणता येणार नाही, असं ते म्हणाले. मी मनात म्हटलं, या डॉक्टरला काय कळतंय. सराव करून घेतला तर आज धडा येईल आणि उद्या बोलणं येईल.

इथे आम्ही चुकलो. मास्तराचं घर ना आमचं, सगळ्या रोगांवर आम्हाला एकच औषध ठाऊक, घोकंपट्टी. कुणी भेटायला आलं की मी "सांभाळ" शब्द टाकायचे आणि बाबा सुरू व्हायचे. दादा भेटायला आला तेव्हा त्याने मोबाईलवर त्याचं चित्रीकरण केलं आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलं. मग काय विचारता. मेहकरहून, बुलडाण्याहून, थेट नागपूरहून माणसं येऊ लागली. केस पिकलेली, पोट सुटलेली माणसं माझ्या बाबांच्या कॉटसमोर उभी राहून ओरडायची, "देखभाल करणे! लक्ष ठेवणे!" आणि रुमालाने डोळे पुसत परत जायची. माझी छाती अभिमानाने भरून यायची, हे खोटं कशाला बोलू. दिवसातून पाच-पाच, सहा-सहा वेळा मी त्यांच्याकडून तो तास म्हणवून घेतला.

हिवाळ्यात माजी विद्यार्थ्यांनी शाळेत मेळावा ठेवला. त्यांचा आग्रह की सरांनी शेवटचा तास घ्यावा. आम्ही बाबांना कोसा रेशमाचा सदरा घातला, चाकाच्या खुर्चीत बसवून स्टेजवर नेलं. मागे फळा, फळ्यावर लुक आफ्टर. सूत्रसंचालकाने माईक बाबांच्या तोंडाशी धरला आणि म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला सांभाळलं." तेवढं पुरेसं होतं. बाबा सुरू झाले आणि समोरची दोनशे माणसं उभं राहून उत्तरं देऊ लागली. पत्र्याचं छत दणाणत होतं. बायका रडत होत्या.

मी बाबांच्या डाव्या बाजूला, अगदी जवळ उभी होते. म्हणून मला दिसलं. त्यांचा चांगला हात, डावा, खुर्चीच्या दांड्यावर आपटत होता. तोंड म्हणत होतं, द हेन लुक्स आफ्टर हर चिक्स, आणि डोळे माझ्याकडे लागले होते. त्यांना थांबायचं होतं आणि थांबता येत नव्हतं. घाटात ब्रेक गेलेल्या सायकलवरचा माणूस जसा बघेल तसे ते माझ्याकडे बघत होते. "सिट डाउन" झालं. दोनशे माणसं हसत, रडत, धाडकन खाली बसली. एक जण स्टेजवर येऊन पाया पडला आणि म्हणाला, "सर, ओळखलं का जी मले?" बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. ओळखलं होतं, शंभर टक्के ओळखलं होतं. ओठ हलले, गालाची शीर उडाली, आणि बाहेर पडलं, "लुक आफ्टर." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लोकांना वाटलं आनंदाश्रू. मला त्या टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि सगळ्यात आधी माझ्या स्वतःच्या. चार महिने मी माझ्या बापाचा पोपट करून ठेवला होता.

दुसऱ्याच दिवशी मी फतवा काढला. कुणी तो तास घ्यायचा नाही. भेटायला या, बसा, चहा घ्या, त्यांच्या हाताला हात लावा आणि जा. "सांभाळ" हा शब्द घरात बंद. लोक नाराज झाले. "ताईले घमेंड आली," असं एक जण मावशींजवळ बोलून गेला. येणं कमी झालं, मग थांबलंच. दादालाही माझं पटलं नाही. तो फोनवर म्हणाला, "तू एकटी किती करशील? मी त्यांना इकडे आणतो. इथे स्पीच थेरपीवाले आहेत, लिफ्टचं घर आहे, तुझी वहिनी आहे."

मी म्हणाले, "त्यांना विचार. ज्या गावात सगळं आयुष्य गेलं ते सोडायचं की नाही, हे ते सांगतील. ते ज्या दिवशी स्वतःच्या तोंडाने सांगतील त्या दिवशी घेऊन जा."

"अगं, ते फक्त येस म्हणतात."

"मग थांब."

किती शहाणपणाचं बोलले मी! ऐकणाऱ्याला वाटेल, काय ही मुलगी. खरं सांगते, त्या बोलण्यात अर्धा हट्ट होता. उरलेला अर्धा भाग सांगायला जीभ रेटत नाही, पण आता सांगून टाकते. मी थकले होते. सकाळी त्यांना उठवायचं, पुसायचं, कपडे बदलायचे, मऊ भात चमच्याने भरवायचा, ठसका लागला की पाठ चोळायची, नळाच्या दिवशी पाणी भरून ठेवायचं, मग तीस पोरांना अआइई शिकवायचं, आणि परत येऊन पुन्हा सगळं पहिल्यापासून. माझ्या कंबरेत कळ बसली ती जाईचना. चादरी पिळताना माझ्या मनात यायचं, दादाने येऊन त्यांना घेऊन जावं. मला न विचारता न्यावं, म्हणजे माझ्यावर दोष नको. असं मनात आलं की मी स्वतःवर चिडायचे आणि तो राग त्यांच्यावर निघायचा.

उन्हाळ्यात एका दुपारी मी त्यांना कॉटवरून खुर्चीत घेताना दोघंही पडलो. लागलं कुणालाच नाही. पण जमिनीवर बसल्या बसल्या माझा बांध फुटला. मला वाटतं, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर वऱ्हाडीत बोलले. "किती दिवस सांभाळू मी तुमाले? मीबी माणूसच आहो ना? मले कोन पाहीन?"

शब्द तोंडातून निसटला होता. बाबा जमिनीवर पडल्या पडल्या म्हणू लागले, "सांभाळणे. लुक आफ्टर. दुसरा अर्थ?" मी दोन्ही कान दाबून धरले. पूर्ण तास होईपर्यंत त्यांना उचललं नाही. ते "सिट डाउन" म्हणाले तेव्हा आम्ही दोघंही खालीच बसलेलो होतो.

आजही ती दुपार आठवली की मला माझीच लाज वाटते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दादा गाडी घेऊन आला. तो ठरवूनच आला होता, दोन बॅगा रिकाम्या आणल्या होत्या. जेवणं झाली. बाबांना आम्ही खुर्चीत बसवून पंख्याखाली आणलं. मावशी भांडी आवरत होत्या. दादा त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसला, त्यांचा डावा हात हातात घेतला. मीच अट घातली होती, म्हणून मी दाराला टेकून उभी राहिले. मनातून मला पक्कं ठाऊक होतं की ते "येस" म्हणतील, दादा त्याला होकार समजेल, मी भांडेन आणि गाडी रिकामी जाईल.

"बाबा," दादा म्हणाला, "पुण्याला चला. आम्ही सांभाळतो तुम्हाला."

त्याला त्या शब्दाचं भान नव्हतं. मी डोळे मिटले. आता कोंबडी येणार, विहीर येणार, सायकल येणार.

"लुक..." बाबा म्हणाले. आणि थांबले.

मी डोळे उघडले. त्यांनी खालचा ओठ दातांत धरला होता. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. डावा हात दादाच्या हातातून सोडवून त्यांनी स्वतःच्या मांडीवर घट्ट दाबून धरला. पुन्हा "लु..." निघालं, तेही त्यांनी गिळलं. मावशींनी भांडी वाजवायची थांबवली. कपाळावरून घाम ओघळून भुवईत आला तरी ते जोर लावतच होते. दादा घाबरून उठायला लागला, मी त्याला हाताने खाली बसवलं.

मग बाबांनी मान वळवली. दादाकडे नाही, माझ्याकडे.

"मी जातो," ते म्हणाले. आवाज फाटका होता, पण शब्द सगळे कळत होते. "थकली वं माय तू."

तेहतीस वर्षं ज्यांनी गावातल्या पोरांच्या तोंडून ही बोली काढायचा प्रयत्न केला, त्यांच्याकडे आत फक्त तीच शिल्लक होती. मला "वं माय" म्हणून त्यांनी जन्मात हाक मारली नव्हती. मी त्यांच्या पायाशी बसले आणि "नाही हो बाबा, नाही थकले मी, नका जाऊ" असं म्हणत राहिले. ते नुसते बघत होते. आता "येस"सुद्धा म्हणाले नाहीत.

शब्द मी दिला होता. स्वतःच्या तोंडाने सांगतील त्या दिवशी घेऊन जा, असं मीच म्हणाले होते. त्यांनी सांगितलं होतं. सकाळी मी दोन्ही बॅगा भरल्या. सदरे, गोळ्यांचा डबा, चष्मा, चमचा. गाडीत बसवताना मी त्यांची चादर पायांवर नीट केली. दादाने काच खाली घेतली, मावशी पाया पडल्या, आणि गाडी खामगावच्या रस्त्याला लागली.

घरात येऊन मी कॉटवरची गादी उन्हात टाकली आणि फरशीवर पाच मिनिटं पाठ टेकली. जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. मावशी दोनदा येऊन गेल्या होत्या म्हणे, मला कळलंसुद्धा नाही. वर्षभरात मी अशी झोपले नव्हते. आणि मग मी जे रडले ते आईच्या वेळीही रडले नव्हते.

आता दर रविवारी दादा त्यांच्या कानाशी फोन धरतो. थेरपी चालू आहे, उजवा हात थोडा हलतो. मी विचारते, बरं आहे का? येस. जेवलात का? येस. मी येऊ का? येस. दर सुट्टीत जाते. तो एक तास अजून त्यांना येतो, कुणी म्हणवून घेत नाही. त्या दुपारनंतर मात्र स्वतःचं म्हणून एकही वाक्य त्यांच्या तोंडून आलेलं नाही, आणि येईल असं डॉक्टरांना वाटत नाही. सबंध वर्षात त्यांच्या हाताला स्वतःची दोन वाक्यं लागली. त्यात त्यांना तहान सांगता आली असती, दुखणं सांगता आलं असतं, मला इथेच राहायचं आहे असंही म्हणता आलं असतं. ती दोन्ही त्यांनी मला देऊन टाकली.